समुद्रकाठच्या नातेवाइकांकडे लांब मुक्काम: वुलनगाँगहून परतल्यावर नाशिककरांसाठी

गोदाकाठ

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात थिरूल या गावात राहते. सिडनीच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर वुलनगाँग शहर आहे आणि त्याच्या अलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, एकापाठोपाठ एक छोटी गावं लागतात: कोलक्लिफ, ऑस्टिनमर, थिरूल, बुलाय. तिच्याकडे भरपूर राहून मी नुकतीच पंचवटीत परतले. निघण्याआधी जो भेटेल तो दोनच गोष्टी विचारायचा, व्हिसा झाला का आणि मसाला किती नेणार. समुद्राचं कोणीच काही सांगितलं नाही.

आपण नदीकाठची माणसं. पाण्याशी आपली ओळख रामकुंडाच्या पायऱ्यांवर झालेली, गंगापूर धरणावर, फार तर पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्यावर. समुद्र म्हणजे सुट्टीत दिवेआगर नाहीतर गणपतीपुळे. तो रोज उठून समोर असणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिची तयारी करून जावं असं मला मनापासून वाटतं.

पहिलं म्हणजे दिशा. आपल्याला समुद्र म्हटलं की सूर्यास्त. तो पूर्वकिनारा, त्यामुळे सूर्य पाण्यातून वर येतो आणि दुपार कलली की मागच्या इलावारा कड्याआड जातो. हिवाळ्यात तर चहाच्या वेळेलाच अंगणात सावली. कपडे वाळवायचे तर सकाळी. फिरायला जायचं तर सकाळी. बहिणीच्या घरातली माणसं पहाटे का उठतात आणि रात्री साडेनऊला दिवे का मालवतात हे मला तिथल्या उजेडाने शिकवलं.

दुसरं, खारी हवा. सायकलची साखळी, दाराच्या बिजागऱ्या, खिडकीच्या कड्या, सगळ्याला गंज धरतो. गाडी गोड्या पाण्याने धुवावी लागते. बाहेरून आलात की पाय धुऊन आत, कारण वाळू एकदा गालिच्यात गेली की निघत नाही. अंगणात त्यासाठी वेगळा नळ असतो, तो वापरा. यजमानीण तोंडाने म्हणणार नाही, पण तिचे शनिवार-रविवार त्या वाळूपायी जातात.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. गोदेला पाणी किती चढलं हे आपण दुतोंड्या मारुतीकडे बघून सांगतो, तसे तिथे लोक झेंडे बघतात. लाल आणि पिवळ्या रंगाचे दोन झेंडे वाळूत रोवलेले असतात. त्या दोहोंच्या मधल्या पाण्यावर जीवरक्षकांची नजर असते, पोहायचं ते फक्त तिथे. झेंडे नसतील तर पाण्यात उतरायचं नाही. न्यू साउथ वेल्समध्ये बहुतेक किनाऱ्यांवर हे पहारे सप्टेंबरअखेरीपासून एप्रिलअखेरीपर्यंत असतात, आणि त्यातले पुष्कळ जीवरक्षक विनामोबदला काम करणारे गावकरी असतात. माझ्या भाचीने बारा-तेराव्या वर्षीच त्यांच्याकडे शिकायला सुरुवात केली. रविवारी सकाळी तिला त्या पिवळ्या-लाल टोपीत बघून माझा ऊर भरून यायचा.

पाण्यात ओढ असते, तिला ते रिप म्हणतात. लाटा किनाऱ्यावर आणून टाकतात ते पाणी परत आत जाण्यासाठी वाट शोधतं, तीच ही वाट. धोका असा की ती दिसायला शांत असते. दोन्हीकडे पांढऱ्या लाटा फुटतात आणि मधला गडद, सपाट पट्टा बघून नवखा माणूस म्हणतो, इथे बरं आहे, इथे उतरू. तोच रिप. सापडलात तर किनाऱ्याकडे उलटं पोहू नका. दमून बुडतात माणसं. तरंगत राहायचं, हात वर करायचा, मदत येईपर्यंत श्वास सांभाळायचा.

२४ जानेवारी २०२४ ला व्हिक्टोरियात फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्ह्ज किनाऱ्यावर एकाच पंजाबी कुटुंबातली चार माणसं गेली. तिथे पहारा नव्हता. त्यातली एक बाई भारतातून नातेवाइकांकडे आलेली होती. ही बातमी मला बहिणीने पहिल्याच संध्याकाळी, सामान उघडायच्या आधी सांगितली. तिने ते केलं याबद्दल मी तिची ऋणी आहे.

बाकी जमेल तसं लिहीन. ज्यांची माणसं समुद्राजवळ राहतात, कुठल्याही देशात, त्यांनी भर घालावी.

नाशिकरोडचा_निखिल

काकू, फार उपयोगी धागा. माझी ताई वुलनगाँगलाच आहे, विद्यापीठात. आई-बाबांना नोव्हेंबरमध्ये पाठवायचा विचार चालू आहे. बाबा ७६ वर्षांचे. व्हिसाला अडचण येते का? आणि इतका लांबचा प्रवास त्यांना झेपेल का?

गोदाकाठ

निखिल, बाबांचं वय ७५ च्या वर आहे, म्हणून त्यांना वैद्यकीय तपासणी करावी लागेल. ती ऑस्ट्रेलिया सरकारने मान्य केलेल्या डॉक्टरांकडेच होते, आपल्या घरच्या डॉक्टरांचं पत्र चालत नाही. त्यासाठी वेळ धरा. अर्ज ऑनलाइन असतो, व्हिजिटर व्हिसा ६००. पासपोर्टवर शिक्का-चिकटपट्टी काही येत नाही, ईमेलने पत्र येतं. ते पत्र शब्दन् शब्द वाचा. त्यात '८५०३' अशी अट असेल तर तिथे असताना मुक्काम वाढवून घेण्याचा मार्ग जवळजवळ बंद होतो. परतीचं तिकीट ते बघूनच काढा.

प्रवासाचं म्हणाल तर तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवा, त्याचे पैसे लागत नाहीत. मुंबईहून जाताना सिंगापूर किंवा क्वालालंपूरला बदलायचं असेल तर मधे भरपूर वेळ असलेलं विमान घ्या. नाशिकहून कसारा घाट उतरून विमानतळ गाठणं हाही ज्येष्ठांसाठी प्रवासच असतो. आदल्या दिवशी ठाण्याला किंवा मुंबईत कोणाकडे मुक्काम करता आला तर उत्तम.

इलावारा_नर्स

मी मूळची इंदिरानगरची, इथे वुलनगाँगला रुग्णालयात काम करते. निखिलदादा, व्हिसाइतकाच विमाही महत्त्वाचा आहे, म्हणून लिहिते.

ऑस्ट्रेलियाचा काही देशांशी आरोग्यसेवेचा करार आहे, ब्रिटन, न्यूझीलंड, आयर्लंड वगैरे. भारत त्यात नाही. म्हणजे तुमच्या बाबांना इथल्या सरकारी मेडिकेअरचा काही उपयोग नाही, सगळा खर्च खिशातून किंवा विम्यातून. या राज्यात रुग्णवाहिकेचंही बिल येतं. विमा घेताना बीपी, साखर, स्टेंट, गुडघा, जे असेल ते लिहा. लपवलं तर नेमक्या वेळी दावा नाकारला जातो, आणि मग लेकीसमोर बिल येतं. मी अशी कुटुंबं वॉर्डात पाहिली आहेत. आई खाटेवर, मुलगा बाहेर फोनवर पैशांची जुळवाजुळव करतोय, आणि आईला बरं वाटण्यापेक्षा आपण ओझं झालो याचंच दुःख जास्त.

औषधं तीन महिन्यांपुरती आणता येतात, सोबत डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी हवी आणि गोळ्या मूळ पाकिटात हव्यात. डब्यात सुट्या भरून आणू नका.

आणि ऊन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथलं ऊन नाशिकच्या मे महिन्याएवढं तापत नाही, समुद्राचा वारा असतो, म्हणून बाहेर बरं वाटतं. पण अतिनील किरणं फार तीव्र. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण इथे जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी आहे. रंग सावळा म्हणून काही होत नाही असं समजू नका. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्या, आणि दहा ते चार सावलीत.

निळ्या फुग्यासारखा एक जीव वाळूवर वाहून येतो, ब्लूबॉटल. मेलेला असला तरी त्याचे दोरे डसतात. नातवंडांनी उचलला तर दोरे काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंश, वीस मिनिटं तो भाग बुडवून ठेवा. या ब्लूबॉटलसाठी व्हिनेगर नको. ईशान्येचा वारा दोन-तीन दिवस वाहिला की हे हमखास येतात.

तातडीचा क्रमांक तीन शून्यं, ०००. आई-बाबांकडून तो पाठ करून घ्या आणि घराचा पत्ता कागदावर लिहून फ्रिजवर लावा.

निफाडचा_बागाईतदार

राम राम मंडळी. आमचा थोरला तिकडंच आहे, ऑस्टिनमरला घर घेतलंय त्याने मागल्या साली. बोलावतोय. आमचं असं आहे की एप्रिलात द्राक्षबागेची खरड छाटणी झाली, काडी तयार झाली की जरा मोकळीक मिळते, आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी आली की घर सोडता येत नाही. म्हणजे जून ते ऑगस्ट एवढाच वेळ. त्या दिवसांत तिकडं काय असतं? आणि आम्ही शेतकरी म्हटल्यावर विमानतळावर काही त्रास देतात का? कोणीतरी सांगितलं शेतात गेलेल्या माणसाला अडवतात.

इलावारा_नर्स

दादा, अडवत नाहीत, विचारतात. उतरण्याआधी एक कार्ड भरून द्यायचं असतं. त्यात प्रश्न असतो की मागच्या ३० दिवसांत शेतावर, जनावरांजवळ किंवा रानात गेला होता का. तुम्ही 'हो' लिहा. बागेतल्या चपला-बूट आणू नका, आणलेच तर तळाला मातीचा कण राहणार नाही असे घासून धुवा. ते तपासतात, बघतात, सोडतात. खरं लिहिणाऱ्याला दंड नाही. जास्तीत जास्त वस्तू ठेवून घेतील. लपवलं तर मोठा दंड होतो आणि पाहुण्याचा व्हिसा रद्दही होऊ शकतो.

त्यांना भीती रोगांची आणि किडींची आहे. आपल्याकडे जनावरांना लाळ्या खुरकूत होतो, तिथे तो नाही. तुम्हाला तर सांगायला नको, एक रोग शिरला की बागेचं काय होतं.

निफाडचा_बागाईतदार

हे पटलं. द्राक्षावरच्या डाऊनी रोगाने आम्हाला काय काय दाखवलंय ते आम्हालाच ठाऊक. माती धुऊनच येतो. द्राक्षं आणायची फार इच्छा होती पोरासाठी, पण ताजं फळ चालणारच नाही हे दिसतंय.

गोदाकाठ

ताजं फळ, बी-बियाणं, अंडी, मांस, काही नाही. दुधाच्या मिठाईचंही तेच, पेढे-बर्फी इथेच वाटून टाका. कारखान्यातून बंद पाकिटात आलेला मसाला, पापड, चिवडा यांवर नावं छापलेली असतात, ते जाहीर करून नेता येतं. मी कोंडाजीचा चिवडा नेला होता. अधिकाऱ्याने पाकीट उलटसुलट करून वाचलं आणि परत दिलं. घरी केलेल्या वस्तूत काय आहे हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही, म्हणून तिथे गाडं अडतं. देवाच्या वस्तूंतही रुद्राक्ष, लाकडी पाट, फुलं हे सगळं कार्डावर लिहायचं. गोमूत्राची बाटली तर घेऊच नका.

दादा, जून ते ऑगस्ट तिकडे हिवाळा. दिवसा १७-१८ अंश, पहाटे ८-९. आपल्या निफाडला डिसेंबरात पारा याहून खाली जातो, म्हणून तुम्हाला काही वाटणार नाही असं मनात येईल. पण तिथली बरीच जुनी घरं लाकडी, पातळ भिंतींची असतात आणि आतून गार पडतात. वरून दक्षिणेचा वारा. लोकरीचे पायमोजे आणि बायकांसाठी घरात घालायचा जाड स्वेटर न्याच.

त्या दिवसांत पहारे नसतात म्हणून समुद्रात उतरायचं नाही. पण त्याच दिवसांत देवमासे जातात! हंपबॅक जातीचे, अंटार्क्टिकाकडून वर उबदार पाण्याकडे. मे-जूनपासून त्यांची ये-जा सुरू होते आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरात ते पिल्लांना घेऊन परत खाली जातात. मुलाच्या घराजवळ उंच टेकाड असणारच, तिथे सकाळी वारा पडलेला असताना बसा. आधी पाण्याचा फवारा दिसतो, मग पाठ.

मालवणी_सिडको

ताई, तुमचं सगळं वाचलं, चांगलं लिहिलंय. पण एका गोष्टीला माझा विरोध आहे. मी मूळचा मालवणचा, नोकरीमुळे सिडकोत स्थायिक. भरती-ओहोटी, उधाणाची मोठी भरती, भांगाची लहान भरती हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, अंगात आहे. तरीही मेहुण्याकडे गेलो तेव्हा मी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलो नाही. ते पाणी आमचं नाही. आमच्याकडे किनारा हळूहळू खोल होतो, तिथे दहा पावलांत तळ सुटतो, लाट उभी येते आणि खाली आपटते. साठीच्या पुढच्या माणसाने त्या समुद्रात उतरूच नये, झेंडे असोत वा नसोत. मान मोडण्याच्या घटना कमरेएवढ्या पाण्यात होतात.

आणि खडकांवर उभं राहून फोटो काढणं हे तर पोहण्यापेक्षा वाईट. शांत दिसणाऱ्या समुद्रातून एखादीच मोठी लाट येते. खडक ओला दिसला की समजायचं, इथपर्यंत पाणी येतं. समुद्राकडे पाठ करायची नाही, हे आमची आजी सांगायची ते तिथेही तितकंच खरं.

गोदाकाठ

खडकांबद्दल एक शब्दही बदलणार नाही. आजींचं वाक्य मी बहिणीला फोनवर सांगितलं.

पोहण्याबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. त्या किनाऱ्यावर खडकात बांधलेले खाऱ्या पाण्याचे तलाव आहेत, ऑस्टिनमरला दोन आहेत, थिरूलला मोठा पोहण्याचा तलाव आहे. भरतीचं पाणी कठड्यावरून आत येतं, पण तळ ठरलेला, ओढ नाही. माझ्याच वयाच्या आणि मोठ्या बायका तिथे रोज सकाळी येतात, हिवाळ्यातसुद्धा. मी आयुष्यात पाण्यात उतरले नव्हते. त्या बायकांनी मला कठडा धरून उभं राहायला शिकवलं, मग तरंगायला. माझी मराठी, त्यांचं इंग्रजी, काही अडलं नाही. गुडघ्यांना त्या पाण्याने जो आराम दिला तो नाशिकला परत आल्यावर शोधते आहे. समुद्राला घाबरून घरात बसणं आणि न समजता उतरणं, यांच्या मधे ही जागा आहे, आणि ज्येष्ठांनी ती सोडू नये असं माझं ठाम मत आहे. फक्त लाटा कठड्यावरून उसळत असतील त्या दिवशी तिथेही नको.

मालवणी_सिडको

तलावाचं मान्य. ते मी बघितले होते, उतरलो नाही. पुढच्या वेळी उतरेन.

येवलेकर

पोहण्यातलं मला काही कळत नाही, पण त्या रस्त्यावर एक जागा आहे ती आपल्या जिल्ह्याच्या लोकांनी चुकवू नये. थिरूलहून उत्तरेला सी क्लिफ ब्रिज लागतो. डोंगराच्या दरडी रस्त्यावर कोसळायच्या म्हणून जुना रस्ता बंद केला आणि समुद्रावरून ६६५ मीटरचा पूल काढला, २००५ मध्ये खुला झाला. पादचाऱ्यांना कडेने चालता येतं. त्याच्या पुढे स्टॅनवेल पार्क. तिथे लॉरेन्स हारग्रेव्ह नावाचा माणूस राहायचा. नोव्हेंबर १८९४ मध्ये त्याने स्वतः बनवलेले चार पेटीच्या आकाराचे पतंग एकाला एक बांधले आणि त्यांच्या दोरीला लटकून तो जमिनीपासून १६ फूट वर उचलला गेला. विमानं यायच्या कितीतरी आधी. त्याने आपल्या शोधांवर पेटंट घेतलं नाही, ज्याला हवं त्याने वापरावं म्हणून.

मी येवल्याचा. संक्रांतीला आमच्या गच्च्यांवर काय असतं ते सगळ्यांना माहीत आहे. बॉल्ड हिलच्या टेकडीवर उभा राहून समुद्रावरून चढत येणारा तो वारा अंगावर घेतला तेव्हा याच गावात हे का घडलं ते कळलं. वारा पाण्यावरून सरळ येतो, कड्याला थडकतो आणि वर चढतो. पतंगाला याहून काय हवं? आजही तिथून लोक ग्लायडर घेऊन उडतात. सुनेला सांगून मुद्दाम दोनदा गेलो.

अंबड_फिटर

मी अंबडच्या कारखान्यात आयुष्य काढलं. वुलनगाँगला मुलाकडे गेलो तेव्हा सगळे मला समुद्र दाखवत होते आणि माझं लक्ष दक्षिणेला धुरांड्यांकडे. पोर्ट केम्ब्लाचं पोलाद कारखान्याचं आवार. समुद्राला लागून झोतभट्टी, बाजूला बंदर, मागे डोंगरात कोळसा. या किनाऱ्याची गावं कोळशावर वसली, सुट्टीला येणाऱ्यांसाठी नव्हे. बुलायच्या खाणीत १८८७ मध्ये स्फोट होऊन ८१ माणसं गेली. माउंट केम्ब्लाला १९०२ मध्ये ९६. मुलाने मला माउंट केम्ब्लाच्या छोट्या दफनभूमीत नेलं. बापलेक, भाऊभाऊ एका ओळीत. मी टोपी काढून उभा राहिलो. कामगाराचं कुठेही सारखंच असतं.

आज तिथे समुद्रकाठचं घर म्हणजे श्रीमंती. पण जुनी लाकडी घरं बघितली की लक्षात येतं, ही खाणकामगारांची घरं होती. मुलाचं घरही त्यातलंच एक. ते कळल्यापासून मला त्या घरात परकं वाटेनासं झालं.

वेळ घालवायला म्हणून सांगतो: शहरात फुकट फिरणारी बस आहे, गाँग शटल. विद्यापीठ, रुग्णालय, बाजार, सगळं एका फेरीत. मी रोज बसायचो. चालकांशी ओळख झाली.

अनघा_के

खूप दिवसांपासून हा धागा वाचते आहे. मी दुसऱ्या बाजूची. न्यूझीलंडमध्ये समुद्राजवळ राहते, आई-बाबा गंगापूर रोडला. मला मुलांच्या बाजूने थोडं लिहायचं आहे, कोणी रागावू नये.

तुम्ही येणार म्हणून आम्ही वर्षभर रजा साठवतो. तुम्ही आलात की पहिला आठवडा सण असतो. मग आमची कामं सुरू होतात आणि तुम्ही घरात एकटे राहता, आणि आम्हाला दिवसभर ऑफिसात त्याची टोचणी असते. आई त्यावर उपाय म्हणून स्वयंपाकघर ताब्यात घेते. चार भाज्या, रोज पुरणावरणाचा थाट. संध्याकाळी ती दमलेली असते आणि मी तिला नको म्हटलं की तिचे डोळे भरतात. मला तिच्या हातचं हवं असतंच. पण त्याहून मला ती माझ्याबरोबर किनाऱ्यावर चालायला हवी असते. तेवढा एक तास मला वर्षभर पुरतो.

दुसरं, दुखलं-खुपलं तर सांगा. बाबांनी छातीत जडपणा दोन दिवस लपवला, मुलीला खर्च नको म्हणून. सुदैवाने निभावलं. विमा काढलाय तो वापरायलाच काढलाय.

तिसरं, फोडणी देताना आधी पंखा लावा. इथे छताला धुराची घंटा असते आणि ती वाजली की सगळा शेजार दारात येतो. सपाट बुडाचा तवा आणा, शेगडी विजेची असते.

आणि शेवटचं. तुम्ही परत जाता तेव्हा विमानतळावर 'आता तुम्हीच या, आमच्याच्याने होत नाही' असं म्हणता. घरी येऊन ते वाक्य महिनाभर डोक्यात राहतं. ते नका म्हणू.

गोदाकाठ

अनघा, तुझं वाचून मी बहिणीला फोन केला. साडेचार तासांचा फरक आहे तिथल्या हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात साडेपाच, तरी केला. तिला विचारलं, माझ्याकडून तुला काय हवं होतं? ती म्हणाली, 'ताई, तू आईसारखी अंगणात बसून दाणे सोलत होतीस ना, तेवढंच.' मी तिच्यासाठी काय काय केलं त्यातलं तिने काहीच आठवलं नाही.

आमची आई गेल्यापासून आम्हा दोघींना एका घरात राहायला मिळालं नव्हतं. लग्नकार्याला आली की चार दिवसांची पाहुणी. तिथे मात्र सकाळी ती कामाला जायच्या आधी आम्ही कठड्यावर चहा घेऊन बसायचो आणि बोलायचो नाही, किंवा भद्रकालीतल्या जुन्या घराबद्दल बोलायचो. समुद्र नसता तर आम्ही दोघी इतका वेळ एका दिशेला बघत नुसत्या बसलो नसतो. म्हणून मला वाटतं की जायचंच तर लांब मुक्कामाला जावं, आणि त्या घराची शिस्त अंगवळणी पडेपर्यंत राहावं. कुठल्या झाकणाच्या पेटीत कुठला कचरा, लाल कशाला, पिवळी कशाला, हिरवीत खरकटं आणि पालापाचोळा, कुठल्या वारी त्या रस्त्यावर न्यायच्या, हे आपण करायला लागलो की आपण पाहुणे राहत नाही.

कॉलेजरोड_श्री

सगळं छान, पण मला वेगळं वाटतं. तीन-तीन महिने राहणं प्रत्येकाला जमत नाही आणि जमावं असा आग्रहही नको. जावयाचं घर असतं, मुलांच्या परीक्षा असतात. आम्ही दोघं जातो ते महिन्याभरासाठी, त्यातला एक आठवडा स्वतःचे स्वतः फिरतो. मुलगीही मोकळी, आम्हीही. शिवाय इकडे बंद घर. तुळस, इन्व्हर्टर, टाकीतलं पाणी, कुंड्यांत साचलं की डेंग्यू. माझी सासूबाई ८८ वर्षांची, तिला सोडून किती दिवस राहणार? ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये.

गोदाकाठ

श्री, अगदी मान्य. सासूबाईंना सोडून जाऊच नका. माझ्यामागे कोणी नव्हतं म्हणून मला जमलं. तुळशीला शेजारच्या वहिनींनी पाणी घातलं, घराची किल्ली त्यांच्याकडेच होती.

नाशिकरोडचा_निखिल

आईचा अजून एक प्रश्न. देवळात जाता येईल का? तिचा सोमवार असतो. आणि मराठी माणसं भेटतात का?

इलावारा_नर्स

हेलेन्सबर्गला श्री वेंकटेश्वराचं मोठं मंदिर आहे, १९८५ पासून. सिडनी आणि वुलनगाँग यांच्या मधे, झाडीत. तिथे शंकराचंही स्थान आहे, त्यामुळे आईंचा सोमवार सांभाळला जाईल. खालच्या उपाहारगृहात इडली-डोसा मिळतो, शनिवार-रविवारी गर्दी असते. शहराच्या दक्षिणेला बर्कलीत नान तिएन हे बौद्ध मंदिर आहे, १९९५ मध्ये उघडलं. शांत जागा हवी असेल तर तिथे जा. मराठी माणसं वुलनगाँगला थोडी, सिडनीला भरपूर. किराणा सिडनीतल्या हॅरिस पार्कला मिळतो. सिडनीच्या सेंट्रल स्टेशनहून दीड तासात गाडीने इकडे येता येतं, आणि स्कारबरोच्या पुढे गाडी समुद्राला लागून येते, डाव्या खिडकीशी बसवा त्यांना.

निफाडचा_बागाईतदार

मंडळी, पोराशी बोलणं झालं. जूनच्या शेवटी निघतोय, कारभारीण पण येतेय. विमा काढला, बीपी लिहिलं. बूट नवे घेतले, बागेत घालणार नाही. फक्त एक विचारायचं राहिलं. काळा मसाला आमची कारभारीण घरीच कुटते, पोराला तोच लागतो. नेऊ का नको?

गोदाकाठ

दादा, कार्डावर लिहून न्यायची तुमची तयारी असेल आणि ठेवून घेतला तर वाईट वाटणार नसेल तर थोडा न्या, पण भरवसा धरू नका. त्यापेक्षा असं करा. धणे, जिरं, मिरची, तीळ, दगडफूल सगळं हॅरिस पार्कला मिळतं, सुकं खोबरंही. वहिनींना तिथेच भाजू-कुटू द्या, मुलगा आणि सून दोघांनाही सोबत उभं करा. पंखा लावून आणि खिडक्या उघडून.

निफाडचा_बागाईतदार

हे बरं सांगितलं. कारभारीण म्हणते प्रमाण लिहून नेते, वजनकाटा तिकडं असेलच.